विमलच्या नावची गाडी

"गाडी लय जपून वापरलीय हो ताई तुम्ही," असं म्हणत त्या माणसाने काउंटरवर खण, नारळ आणि सव्वा रुपया ठेवला, तेव्हा विमलला वाटलं, बिचारा चुकून दुसऱ्याच कुणाच्या दारात आलाय.

पेठ नाक्यावर तिचा एसटीडी बूथ होता. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. आत फोनची एक केबिन, काउंटरवर एक बिल छापणारं मशीन, एक कुरकुरणारा पंखा आणि विमल, एवढ्यानेच तो भरून जायचा. दोन वर्षांची असताना पोलिओने तिचा उजवा पाय घेतला, तेव्हापासून पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. तेरा वर्षं ती या बूथमध्ये बसत होती. नाक्यावरची कुत्रीसुद्धा तिला ओळखायची. पण गाडी? अहो, रोज सकाळी म्हसरूळहून इथवर यायला शेअर रिक्षा मिळताना मारामार! ती हात करायची आणि रिक्षावाला नेमका तेव्हाच दुसरीकडे बघायचा, कारण विमल आत चढून बसेपर्यंत त्याची दोन गिऱ्हाइकं पुढच्या रिक्षात गेलेली असायची. एखाद्या दिवशी तीन-तीन रिक्षा अशा निघून जायच्या. आणि हा म्हणतो, गाडी जपून वापरलीय.

"काका, तुम्हाला कोण हवंय?" तिने विचारलं.

"विमल भिकन शिरसाठ. तुम्हीच ना? साहेब बोलले होते, बहीण पेठ नाक्यावर फोनच्या दुकानात बसती म्हनून." माणूस पन्नाशीचा, पांढरी टोपी, पांढरा सदरा, हाताच्या रेघांत पीठ मुरलेलं. "मी सावळीराम. सायखेड्याला माझी पिठाची गिरणी हाय. तुमची मारुती मी घेतली ना! निम्मे पैसे दिले साहेबांना, निम्मे नाव बदलल्यावर."

साहेब म्हणजे धनराज. विमलचा थोरला भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, सरकारी खात्यात हेडक्लार्क, गंगापूर रोडला बंगला. त्याची पांढरी मारुती विमलला ठाऊक होती. नाक्यावरून जाताना ती दिसायची. कधी हॉर्न वाजायचा, कधी नाही.

"ती दादाची गाडी आहे," ती म्हणाली.

"साहेबांचीच म्हना. पन पुस्तकावर नाव तुमचं हाय." सावळीराम संकोचून हसला. "आता आमची मंडळी जुन्या वळणाची. ती म्हनली, बाईमाणसाच्या नावची वस्तू घरात आणायची तर तिच्या हातात खण-नारळ ठेवल्याबिगर आणायची नाय. आज आरटीओत काम अडलं, तर साहेब म्हनले, तुम्ही कशाला जाता, हितं दारात थांबा, मी सही घेऊन येतो. पन म्हटलं, हितूनच जायचंय, तर जाऊन येऊ."

आणि त्याने पिशवीतून आरसी बुक काढून तिच्यापुढे धरलं.

विमलने चष्मा लावला. नाव तिचं होतं. वडिलांचं नाव बरोबर. पत्ता दादाचा. साल १९९४. खाली जांभळ्या शाईचा शिक्का: अपंग व्यक्तीसाठी खास बदल केलेले वाहन, रस्ता कर माफ. तिने ते तीनदा वाचलं. फोनवर कुणीतरी सटाण्याला ओरडून बोलत होतं, "ऐकू येतंय का?" म्हणून, आणि इकडे विमलला काही म्हणजे काही ऐकू येईना.

"मग अडलंय कुठे?" पुस्तक मिटत तिने विचारलं.

"करापाशी." सावळीराम स्टुलावर टेकला. "खिडकीतला मानूस म्हनला, ही गाडी अपंगाची, म्हनून हिला कर नव्हता. आता नाव बदललं की कर लागनार. ते एक ठीक. मी भरीन की! रस्ता वापरायचा तर भरायला नको? पन मग त्याने गाडीत डोकावून बघितलं आन् म्हनला, हाताने ब्रेक-क्लच दाबायची दांडी कुठं हाय? दांडीवर तर माफी दिलीय. दांडी नाय म्हंजी अपंगाने गाडी चालवलीच नाय. मग आठ वर्षांचा कर, वर दंड, सगळं जिच्या नावावर गाडी तिच्याकडून वसूल होनार." तो थांबला. त्याची नजर काउंटरच्या बाजूला टेकवलेल्या कुबडीवर गेली आणि मग विमलच्या तोंडाकडे. माणूस गिरणीवाला होता, पण खुळा नव्हता. "ताई, तुम्ही चालवलीच नाय काय ती गाडी?"

"बसलेय," विमल म्हणाली. "एकदा."

त्या एका दिवसाची गोष्ट विमलने आठ वर्षं गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितली होती. दादाने नवी कोरी गाडी घेतली आणि सगळ्यांत आधी कुणाला बसवलं? बायकोला नाही, पोरांना नाही, मला! म्हसरूळला दारात येऊन म्हणाला, चल विमल, तुला फिरवून आणतो. एका मोठ्या आवारात नेलं, स्वतः उतरून तिला हाताला धरून स्टिअरिंगपुढे बसवलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी होती. हे काय रे, तिने विचारलं, तर म्हणाला, नवीन पद्धत आहे. मग वहीवाला एक साहेब आला, त्याने दांडी पाहिली, तिचा पाय पाहिला, कुबडी पाहिली. दादाने इथे सही कर म्हटलं, तिने केली. मग मिसळ खाल्ली, वर दही घेतलं, आणि दादाने तिला दारापर्यंत सोडलं. त्या रात्री आईला ती म्हणाली होती, दादा बोलत नाही पण त्याच्या मनात माया आहे गं. आई लंकाबाई ते ऐकून रडली होती.

माया! विमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पासिंगला नेलं होतं तिला! गाडीला दांडी जोडली तशी सीटवर लंगडी बहीण जोडली, शिक्का पडला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून ठेवल्या. शेवटच्या आजारात आईला सिव्हिलला न्यायचं होतं तेव्हा हाच दादा फोनवर म्हणाला होता, गाडी गॅरेजला आहे, रिक्षा कर. सगळे त्र्यंबकेश्वरला निघाले तेव्हा राखीवहिनी म्हणाली होती, विमलताई, तुमची कुबडी धरून गाडीत जागा होत नाही हो. विमलच्याच गाडीत विमलला जागा होत नव्हती.

"काका, दादा कुठे आहे आत्ता?"

"एजंटाकडं कागद टाइप करून घेत हायत, सहीसाठी हिकडंच येतील. मी पुढं आलो."

"थांबा मग. चहा सांगते."

चहा येऊन संपतो न संपतो तोच पांढरी मारुती बूथसमोर लागली. धनराज उतरला, काखेत बॅग, केस नीट मागे बसवलेले. सावळीरामला स्टुलावर पाहून त्याचं पाऊल अडलं. मग काउंटरवरचा खण-नारळ दिसला. पण सरकारी माणूस, चेहरा लगेच सावरला.

"अरे वा, तुम्ही इथेच का? बरं झालं, ओळख झाली." मग विमलकडे वळून, एकदम साळसूद आवाजात, "विमल, दोन सह्या हव्या होत्या गं. गर्दी नाहीये ना तुला?"

"कसल्या?"

"अगं, ते गाडीचं कागदपत्राचं. तेव्हा तुझ्या नावावर घेतली होती. घरातल्या लक्ष्मीच्या नावाने घ्यावी म्हटलं." बॅगेतून त्याने एक फॉर्म आणि एक टाइप केलेला स्टॅम्पपेपर काढला आणि त्यावर पेन ठेवलं. "इथे आणि इथे."

इथे आणि इथे. आयुष्यभर दादाने तिला एवढंच वाचायला दिलं होतं. नांदगावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र झालं तेव्हाही असंच, तहसीलच्या व्हरांड्यात, इथे आणि इथे. बहिणी सह्या करतातच. सगळ्यांच्याच करतात. त्याबद्दल साडी मिळते आणि कागद वाचायला मागणारी बहीण आगाऊ ठरते. विमलनेही तेव्हा वाचलं नव्हतं. भावाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, असं तिला खरोखरच वाटायचं.

आज तिने स्टॅम्पपेपर उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"मी, विमल भिकन शिरसाठ, वय एक्केचाळीस, धंदा एसटीडी बूथ, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर मोटारगाडी मी स्वतः खरेदी केली असून सन १९९४ पासून आजतागायत गेली आठ वर्षे ती मी स्वतः रोज चालवीत आले आहे..."

"विमल, हळू," धनराज म्हणाला. फोनच्या केबिनबाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"...सदर गाडीचा वापर माझ्याव्यतिरिक्त अन्य कोणीही केलेला नाही. सदर दांडी दुरुस्तीकरिता काढली आहे." तिने कागद खाली ठेवला. "दादा, हे कुणी लिहिलं?"

"एजंटने. ठराविक मजकूर असतो गं तो. त्यात तुझं काय जातंय? सही केली की मागचा कर मिटला, यांच्या नावावर गाडी झाली, विषय संपला."

"आणि नाही केली तर?"

धनराजने आवाज खाली आणला. "नाही केली तर तुझंच नुकसान. गाडी तुझ्या नावावर आहे. आठ वर्षांचा कर दंडासकट तुझ्या दारात येईल. मला त्यात काही करता येणार नाही. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

वा रे वा! मिसळ खाऊ घालून शिक्का मारला, आठ वर्षं गाडी उडवली, आता गाडी विकून पैसे बंगल्यात जाणार आणि नोटीस म्हसरूळला येणार! आणि वर हे तिच्या भल्यासाठी! विमलला वाटलं, नारळ उचलावा आणि घालावा याच्या डोक्यात. नारळ दुसऱ्याच्या घरातून आला होता म्हणून राहिला.

तेवढ्यात तिला दुसरंच काहीतरी आठवलं, आणि राग बाजूला झाला.

"दादा," ती म्हणाली, "नव्व्याण्णव साली मी अपंगांच्या तीनचाकी स्कूटरचा फॉर्म भरला होता. आठवतंय?"

धनराजने पेन उगाच सरळ करून ठेवलं.

"त्याला आरटीओचा दाखला लागायचा. अर्जदाराच्या नावावर एकही वाहन नाही, असा. तू म्हणालास, तू कुठे तंगडतोड करतेस, माझ्या ओळखी आहेत, मी आणतो. सहा महिने मी रोज तुला फोन केला. याच फोनवरून. कधी साहेब रजेवर, कधी शिक्का संपला, कधी मार्च एंड. शेवटी म्हणालास, योजनाच बंद झाली. मी तुला म्हटलं, जाऊ दे दादा, तू माझ्यासाठी किती चपला झिजवल्यास. मी तुला थँक्यू म्हटलं होतं रे!"

"साहेब," सावळीराम हळूच म्हणाला, "दाखला मिळनार कसा? ताईंच्या नावावर गाडी होती ना."

"तुम्ही मध्ये बोलू नका," धनराज खेकसला.

"आता मधी मीच हाय," सावळीराम म्हणाला. "पैसे माझे हायत."

योजना बंद झाली नव्हती. त्याच वर्षी नाक्यापलीकडच्या तानुबाईच्या मुलाला स्कूटर मिळाली होती. विमलने ती पाहिली होती. मागे दोन चाकं, पुढे एक, कुबडी ठेवायला बाजूला कडी. तिला वाटलं होतं, त्याचं नशीब. तीन वर्षं ती रिक्षावाल्यांना हात करत राहिली, पावसात, उन्हात, आणि नशिबाला बोल लावत राहिली. नशीब गंगापूर रोडला राहत होतं आणि दर रविवारी पाइप लावून गाडी धूत होतं.

धनराजने सूर बदलला. पाठीवर थोपटावं तसा काउंटर थोपटला. "हे बघ, चुकलं असेल माझं. तेव्हा पोरांच्या फिया, बंगल्याचं कर्ज, थोडी सवलत मिळते तर घ्यावी वाटलं. सगळेच घेतात. पण आता सरळ विचार कर. सही केलीस की गाडी तुझ्या नावावरून उतरते. उतरली की तुला तो दाखला मिळतो. उद्याच अर्ज टाकू, मी स्वतः उभा राहून तुला स्कूटर मिळवून देतो. बस?"

हे मात्र खरं होतं. गाडी नावावर असेपर्यंत स्कूटर नाही. सही केली की वाट मोकळी. विमलने पेन हातात घेतलं. सावळीराम खाली बघायला लागला. धनराजने फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"चाळीस," विमल म्हणाली.

"काय?"

"स्कूटरला वयाची अट आहे, दादा. चाळीसच्या आत. मी अर्ज केला तेव्हा अडतीस होते." तिने पेनाच्या टोकाने स्टॅम्पपेपरवरच्या आकड्याला टिचकी मारली. "वय तूच लिहून आणलंयस. एक्केचाळीस. आता मला स्कूटर मिळत नाही. तूही देऊ शकत नाहीस आणि सरकारही नाही."

केबिनमधल्या माणसाचा फोन संपला. त्याने बाहेर येऊन पैसे ठेवले, सुट्टे मागायचं विसरून बाजूला उभा राहिला आणि ऐकायला लागला. धनराजने त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो हलला नाही.

विमलने बिलाच्या पॅडवरचा एक कागद फाडला, उलटा केला आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर तिचं चांगलं होतं. लिहून झाल्यावर तिने तेही वाचून दाखवलं. १९९४ साली मला न सांगता माझ्या नावावर गाडी घेण्यात आली. त्या गाडीत मी पासिंगच्या दिवशी एकदाच बसले. ती आजपर्यंत माझे भाऊ धनराज भिकन शिरसाठ यांनी वापरली. शेवटी तिने सही केली. कुठे करायची ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"काका, साक्षीदार म्हणून कराल?"

"करतो की." सावळीरामने सदऱ्याला हात पुसले आणि सावकाश आपलं नाव काढलं.

"विमल!" धनराज काउंटरवर वाकला. "हा कागद कुठे गेला तर माझी नोकरी जाईल. पाच वर्षं राहिलीत माझी. रक्ताच्या भावावर उलटतेस?"

"मी कुठे नेलाय अजून? इथेच आहे." तिने कागद बिलाच्या मशीनखाली सरकवला. "आठ वर्षं तू गाडी चालवलीस, आठ वर्षांचा कर तू भर. दंड तू भर. उद्या दहा वाजता खिडकीत जाऊन खरं सांगून भर आणि पावती मला आणून दाखव. पावती आली की हा कागद तुझ्यासमोर फाडते. नाही आली तर मीच घेऊन जाते. आरटीओ इथून काही लांब नाही, कुबडीवरसुद्धा पोचेन."

"बरं, भरतो. मग तरी फॉर्मवर सही करशील ना? ही गाडी यांना..."

"गाडी विकायची नाही."

"काय?"

"माझी आहे ना? पुस्तकात लिहिलंय, शिक्का आहे. मग मी विकत नाही." ती सावळीरामकडे वळली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला अपराध्यासारखं वाटलं. "काका, तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला गाडी हवी होती..."

"माझं सोडा." सावळीराम उभा राहिला. "सायखेड्याला एसटी येती, मला दोन पाय हायत. पन माझे पैसे तेवढे..."

"दादा देईल. चेकबुक त्याच्या बॅगेत असतंच."

धनराजने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा मशीनखालच्या कागदाकडे, आणि बॅग उघडली. चेक लिहून त्याने सावळीरामपुढे टाकला. सावळीरामने चेक उलटसुलट पाहिला. "वटेल ना साहेब?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो टोपीत खोचला. खण-नारळ परत द्यायला विमलने उचलला, तर तो दोन पावलं मागे सरला. "राहू द्या ताई. गाडी घरात येनार म्हनूनच दिला होता. आली की." आणि तो स्टँडच्या दिशेने निघून गेला.

"ती दांडी कुठे आहे?" विमलने विचारलं.

"माळ्यावर असेल," धनराज पुटपुटला.

"उद्या पावतीबरोबर आण. बसवून घेते. पुढचा कर मला खरंच माफ आहे." तिने हात पुढे केला. "किल्ली."

किल्ली धनराजच्या मुठीत होती. आठ वर्षांची सवय, मूठ उघडेना. बाहेर उभे असलेले दोघे-तिघे त्या मुठीकडे बघत होते. शेवटी त्याने सगळा राग एका वाक्यात आणला.

"अगं, तुला चालवता तरी येते का?"

विमलने स्टॅम्पपेपर उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

"येते की," ती म्हणाली. "आठ वर्षं रोज चालवतेय. तूच लिहून आणलंयस."